जुन्या लष्करी विमानांची मानवंदना: नेमक्या सेकंदाला कशी पोचते आणि कधी रद्द करावी

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: 'इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भावाने एक व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या हवाई सैनिकांच्या स्मरणार्थ लँकेस्टर नावाचं जुनं बॉम्बफेकी विमान डोक्यावरून गेलं. दहा-बारा सेकंदांत सगळं संपलं. एवढ्यासाठी ८० वर्षांचं यंत्र उडवायची जोखीम का घ्यायची? ते ठरल्या सेकंदाला कसं पोचतं? आणि आमच्या तालुक्यात वायुदलातल्या एका हुतात्म्याचं स्मारक होतं आहे, तिथे असं विमान मागता येईल का?'

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मागता येईल, पण विमान आलं नाही तरी कार्यक्रम उभा राहील अशीच आखणी करा. असं का म्हणतो ते बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं वाचताना कळेल.

मी वायुदलात वाहतूक विमानांवर नेव्हिगेटर होतो. नकाशा, घड्याळ आणि वारा या तिघांशी माझं आयुष्य बांधलेलं होतं. संचलनासाठी, स्मृतिदिनासाठी विमानं ठरल्या क्षणी ठरल्या जागेवरून नेण्याची आखणी बरीच केली. त्यामुळे तुम्ही ज्याला दहा-बारा सेकंद म्हणता, त्याच्या मागे काय असतं हे आतून माहीत आहे.

आधी ते विमान ओळखून घ्या. लँकेस्टर ७,३७७ बांधली गेली. आज उडण्याच्या स्थितीत जगात दोनच आहेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. भावाने पाठवलेल्या व्हिडिओतलं विमान बहुधा ब्रिटिश वायुदलाच्या 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट'चं, पीए ४७४ क्रमांकाचं असणार. ही तुकडी १९५७ मध्ये सुरू झाली आणि १९७६ पासून लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी तळावर आहे. पीए ४७४ हे १९४५ च्या मध्यावर तयार झालं. ते पूर्वेकडे जपानविरुद्ध जायचं होतं, पण त्याआधीच युद्ध संपलं. म्हणजे या विमानाने प्रत्यक्ष लढाईत एकही बॉम्ब टाकलेला नाही. पुढे आफ्रिकेत नकाशे बनवण्यासाठी हवाई छायाचित्रं काढायला ते वापरलं गेलं. मला यात काही खटकत नाही. ते स्वतः लढलं की नाही यापेक्षा त्याच्या पोटात काय आहे ते महत्त्वाचं वाटतं.

पोटात सात माणसांच्या जागा आहेत. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला, पाठीवरचा तोफची आणि शेपटीतला तोफची. नेव्हिगेटर वैमानिकाच्या मागे पडद्याआड बसायचा, कारण त्याच्या टेबलावरच्या दिव्याचा उजेड बाहेर दिसला असता. शेपटीतला तोफची तर बाकी सहा जणांपासून तुटलेलाच. काचेच्या त्या घुमटीत तो सात-आठ तास एकटा, कडाक्याच्या थंडीत, उलट्या दिशेला तोंड करून बसायचा. आतून चालताना विमानाच्या मधोमध पंखांना जोडणारी जाड तुळई आडवी येते. ती ओलांडायला सपाट जमिनीवर, दिवसाउजेडी, हलक्या कपड्यांतही कष्ट पडतात. पेटलेल्या, गिरक्या घेणाऱ्या विमानात, अंधारात, जाड कपडे आणि पॅराशूटचे पट्टे अंगावर असताना ती किती जणांना ओलांडता आली असेल?

ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, सुमारे १,२५,००० जणांनी विमानावर काम केलं. त्यांतले ५५,५७३ मेले. सरासरी वय २२ च्या आसपास. ज्यांचा देह मिळालाच नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावं लंडनजवळ रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत. ब्रिटनसाठी हेरगिरी करताना मारल्या गेलेल्या, भारतीय वंशाच्या नूर इनायत खानचं नावही तिथेच आहे. या घरांना कबर नाही, दगडावर फक्त नाव आहे. अशा लोकांसाठी ती शेपटीतली घुमटी आकाशातून जाताना दिसणं ही फार ठोस गोष्ट असते. आपला माणूस शेवटी जिथे बसला होता ती जागा दिसते. संग्रहालयात उभं केलेलं विमानही ती जागा दाखवतं, हे मान्य. पण चार मर्लिन इंजिनांचा आवाज संग्रहालयात येत नाही, आणि तोच आवाज त्या गावांनी रोज संध्याकाळी जाताना ऐकला होता आणि पहाटे परतताना मोजला होता.

कॅनडातल्या लँकेस्टरची गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या अंगावर अँड्र्यू मायनार्स्की ज्या विमानात होता त्याची अक्षरं रंगवली आहेत. १२-१३ जून १९४४ च्या रात्री फ्रान्सवर त्याचं विमान पेटलं. मायनार्स्की पाठीवरचा तोफची. उडी मारायला निघाला तेव्हा त्याला दिसलं की शेपटीतला मित्र घुमटीत अडकला आहे. तो आगीतून सरपटत मागे गेला, हाताने दार उचकटायचा प्रयत्न केला. कपडे पेटले. मित्राने खुणेने सांगितलं, जा. मायनार्स्की मागे सरकला, सलाम केला आणि उडी मारली. भाजल्यामुळे तो वाचला नाही. अडकलेला मित्र मात्र विमान कोसळूनही जिवंत राहिला, म्हणून ही हकिगत जगाला कळली आणि मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०१४ मध्ये हे विमान अटलांटिक ओलांडून ब्रिटनमध्ये आलं आणि जगातली दोन्ही लँकेस्टर शेजारी-शेजारी उडाली.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही बॉम्बफेक ज्यांच्यावर झाली तेही माणसंच होती. १६-१७ मे १९४३ च्या रात्री १९ लँकेस्टर जर्मनीतली धरणं फोडायला गेली. १३३ जण गेले, त्यांतले ५३ मेले. पण धरणं फुटल्यावर पुरात १,३०० च्या आसपास लोक बुडाले, आणि त्यांत जर्मनीने पकडून आणलेले परदेशी मजूर मोठ्या संख्येने होते. जून २०१२ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचं स्मारक उघडलं. त्या दिवशी लँकेस्टरने वरून, युद्धातल्या मृतांची खूण मानल्या जाणाऱ्या पॉपीच्या लाल फुलांच्या आकाराचे लाखो कागद सोडले. त्या स्मारकावर १९३९ ते १९४५ च्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख आहे. मला तो उल्लेख फार योग्य वाटतो. वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं स्मरण करायला त्यांनी वाहिलेल्या बॉम्बचं कौतुक करावं लागत नाही.

आता सेकंदाचा प्रश्न.

लँकेस्टर मानवंदनेच्या वेळी सुमारे १५० नॉटने, म्हणजे ताशी १५० सागरी मैलांनी, उडतं असं धरा. म्हणजे मिनिटाला अडीच सागरी मैल, सेकंदाला ७७ मीटर. अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर विमान सव्वादोन किलोमीटर दूर असतं. कार्यक्रमात मौन पाळलं जात असेल आणि मौन संपतानाच विमान डोक्यावर हवं असेल, तर पाच सेकंद इकडे-तिकडे एवढीच सूट असते.

त्यासाठी आधी जमिनीवर एक खूण निवडतात. स्मारकापासून दहा-पंधरा मैलांवर, वरून हमखास ओळखू येणारी: नदीवरचा पूल, तलावाचं टोक, रेल्वेचा फाटा. त्या खुणेपासून स्मारकापर्यंत सरळ रेषेत यायचं. या शेवटच्या सरळ टप्प्यावर वळणं नाहीत, गडबड नाही. समजा दहा मैलांचा टप्पा आहे. १५० नॉटने चार मिनिटं लागतात. पण समोरून अंदाजापेक्षा दहा नॉट जास्त वारा लागला तर लागतात चार मिनिटं १७ सेकंद. तेवढ्या फरकाने विमान सव्वा किलोमीटर मागे राहतं. हवामान खात्याने दिलेला वारा आणि प्रत्यक्ष हजार फुटांवरचा वारा यांत दहा नॉटचा फरक पडणं रोजचंच आहे. म्हणून नेव्हिगेटर त्या टप्प्याच्या आधीच, दोन खुणांमधला वेळ मोजून खरा वारा काढतो.

उशीर झाला तर वेग वाढवू, असं नवख्याला वाटतं. करून बघा हिशेब: १५ मैलांच्या टप्प्याला १५० नॉटने सहा मिनिटं. दहा सेकंद भरून काढायचे तर १५४ नॉट पुरतात. अर्धं मिनिट भरून काढायचं तर जवळजवळ १६४ नॉट लागतात. जेट विमानाला हे काहीच नाही. ८० वर्षांच्या इंजिनाला मात्र आम्ही असं झोडपत नाही. शिवाय सोबत दुसरी विमानं असतील तर लीडरने वेग वाढवला की मागच्याला त्याहून जास्त वाढवावा लागतो आणि फॉर्मेशन सैल पडतं. म्हणून नियम असा की नेहमी लवकर पोचायचं आणि वाटेत वेळ घालवायचा. जास्तीचा वेळ असेल तर एक पूर्ण गोल घेतात; ठरावीक सौम्य वळणाने, सेकंदाला तीन अंश, बरोबर दोन मिनिटं जातात. मिनिट-दीड मिनिटच घालवायचं असेल तर मार्गापासून ६० अंश बाजूला जायचं, तेवढाच वेळ उलट वळून मार्गावर परतायचं. असा समभुज त्रिकोण झाला की एका बाजूला जितका वेळ लागला तितकाच वेळ बरोबर खर्ची पडतो. कागद-पेन्सिलच्या काळातली ही युक्ती आज उपग्रहाचा नकाशा समोर असतानाही तशीच वापरतात, कारण ती चुकत नाही.

जमिनीवरच्या लोकांना सहसा लक्षात न येणारी बाब म्हणजे आवाज. मोकळ्या भागात लँकेस्टरचा आवाज चार-पाच किलोमीटरवरून कानी पडतो. म्हणजे विमान डोक्यावर येण्याच्या मिनिटभर आधीच लोक माना वळवायला लागतात. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' त्याआधी पूर्ण व्हायला हवा, नाहीतर शेवटचे सूर इंजिनांच्या घरघरीत बुडतात आणि बिगुल वाजवणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. मौन आणि विमान यांची सांगड घालणारे चांगले आयोजक मौन सुरू करण्याची वेळ घड्याळाने ठरवतात, व्यासपीठावरच्या सोयीने ठरवत नाहीत. पाहुण्यांचं भाषण सात मिनिटं लांबलं तर खालचे लोक थांबू शकतात. विमान थांबू शकत नाही. ते पुढच्या गावाला वेळ देऊन बसलेलं असतं.

पुढचं गाव म्हणतो ते खरंच. ब्रिटनमधली ही तुकडी एका उड्डाणात अनेक ठिकाणांना भेट देते. सकाळी निघायचं, एका गावच्या चर्चवरून, दुसरीकडच्या युद्धस्मारकावरून, तिसऱ्या ठिकाणच्या जुन्या तळावरून जायचं आणि परतायचं. कारण या विमानांचे वर्षाचे उड्डाणतास मोजून ठरवलेले असतात. प्रत्येक तास इंजिनाच्या आणि सांगाड्याच्या आयुष्यातून कापला जातो. उन्हाळ्यात उडायचं आणि हिवाळाभर विमान उघडून तपासायचं, असा त्यांचा क्रम आहे.

यंत्राबद्दल थोडं. आपल्याकडच्या लोकांना डकोटा हे जुनं वाहतूक विमान जास्त ओळखीचं, म्हणून तेच घेतो. डकोटाची इंजिनं गोलाकार, १४ सिलिंडरची. विमान उभं असलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण तेल दाबलं जात नाही. म्हणून सुरू करण्याआधी ग्राउंड क्रूची माणसं पंखा हाताने फिरवतात, पातं मागून पातं, मोजून. कुठे अडलं तर जोर लावायचा नसतो; खालच्या सिलिंडरचा प्लग काढून तेल वाहू द्यायचं. स्पिटफायर या त्या काळच्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा त्रास वेगळा. त्याचं इंजिन पाण्याने थंड होणारं, आणि जमिनीवर रेंगाळलं की तापमान भराभर चढतं. धावपट्टीवर रांगेत दहा मिनिटं उभं राहणं त्याला परवडत नाही. मानवंदनेच्या वेळापत्रकात हे सगळं आधीच मिसळावं लागतं.

आणि वारा. ही जवळजवळ सगळी विमानं शेपटीखाली चाक असलेली. त्यांचा भार पुढच्या मुख्य चाकांच्या मागे पडतो. आडवा वारा शेपटीला ढकलू लागला की विमान स्वतःभोवती फिरायला बघतं, आणि एकदा फिरायला लागलं की आवरणं कठीण. आधुनिक विमान ज्या आडव्या वाऱ्यात निवांत उतरतं, त्यात हे उतरवू नये. कार्यक्रमाच्या जागी आकाश निळंशार असतं, लोक वर बघत असतात, आणि विमान तिकडे तळावर उभं असतं कारण तिथल्या धावपट्टीवर वारा आडवा आहे. लोकांना वाटतं, एवढ्या छान हवेत का नाही आलं? हे समजावून सांगणारं कुणीतरी माइकवर असायलाच हवं.

मे २०१८ मध्ये नेमकं हेच झालं. धरणांवरच्या त्या हल्ल्याला ७५ वर्षं झाली होती. इंग्लंडमधल्या ज्या डरवेंट धरणावर त्या वैमानिकांनी सराव केला होता, तिथून लँकेस्टर जाणार होतं. लोक लांबून आले होते. आडव्या वाऱ्यामुळे लँकेस्टर उडालं नाही. त्याऐवजी टायफून जेट गेलं. ७५ वं वर्ष पुन्हा येणार नाही, हे त्या अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं का? होतं. तरी त्यांनी नाही म्हटलं. माझ्या लेखी तो दिवस त्या तुकडीच्या सर्वांत चांगल्या दिवसांपैकी एक आहे.

याच्या उलट काय होतं ते १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसमध्ये दिसलं. अमेरिकेत माजी सैनिक दिनाच्या आसपासचा हवाई कार्यक्रम. बी-१७ बॉम्बर आणि पी-६३ लढाऊ विमान एकमेकांवर आदळली, सहा जण गेले. चौकशीत मुख्य मुद्दा निघाला तो हा, की कोणती विमानं कोणत्या उंचीवर आणि कोणत्या रेषेत राहतील याची आधी ठरवलेली, सर्वांना सांगितलेली पुरेशी योजनाच नव्हती. हवेत असतानाच रेडिओवरून सूचना दिल्या जात होत्या. मेलेल्यांच्या स्मरणासाठी उडताना आणखी सहा घरांत अंधार झाला. मानवंदनेची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने तो चौकशी अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं. फ्लायपास्टमध्ये, म्हणजे अशा मानवंदनेच्या उड्डाणात, हवेत कुणी काही नवीन सुचवायचं नसतं. जे जमिनीवर ठरलं तेवढंच उडायचं, आणि ते जमलं नाही तर सरळ परत जायचं.

२५ मे २०२४ ला कॉनिंग्जबीजवळ मेमोरियल फ्लाइटचं एक स्पिटफायर कोसळलं आणि स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग यांचा मृत्यू झाला. तुकडीने उड्डाणं थांबवली. अवघ्या बारा दिवसांवर नॉर्मंडीच्या लढाईचा ८० वा स्मृतिदिन होता. ज्या कार्यक्रमासाठी या विमानांची सगळे वाट पाहत होते, तिथे तुकडीची स्पिटफायर आणि लँकेस्टर गेली नाहीत. काही लोक हळहळले. पण कारण पुरतं समजल्याशिवाय उडायचं नाही, हाच शहाणपणा आहे.

आता तुमचा जोखमीचा प्रश्न. माझं उत्तर असं: जोखीम घ्यावी, पण फक्त तेव्हा, जेव्हा ऐन क्षणी रद्द करण्याचा अधिकार वैमानिकाकडे असतो आणि त्यासाठी त्याला कुणासमोर उत्तर द्यावं लागत नाही. मंत्री आलेत, टीव्हीवाले आलेत, वर्गणी जमली आहे, यांतलं काहीही त्याच्या कानावर जाता कामा नये. ही व्यवस्था जिथे नाही तिथे जुनं विमान उडवू नये.

जुनंच विमान हवं असतं असंही नाही. इंग्लंडच्या शेफील्ड शहरातल्या एंडक्लिफ पार्कचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. २२ फेब्रुवारी १९४४ ला 'मी अमीगो' नावाचं अमेरिकन बी-१७ डेन्मार्ककडच्या मोहिमेवरून जखमी होऊन परतताना त्या बागेच्या झाडीत कोसळलं. दहाच्या दहा जण गेले. बागेत त्यांचं छोटं स्मारक आहे आणि एक वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षं ते झाडून-पुसून ठेवत. अपघात झाला तेव्हा आपण लहान होतो आणि त्याच बागेत खेळत होतो, असं ते सांगत. त्यांची एवढीच इच्छा होती की एकदा त्या दहा जणांसाठी विमानं यावीत. ही इच्छा बीबीसीवरून लोकांपर्यंत पोचली आणि २२ फेब्रुवारी २०१९ ला, बरोबर ७५ वर्षांनी, ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी विमानं त्या बागेवरून गेली. सकाळी पावणेनऊच्या सुमारास हजारो लोक जमले होते. त्यांत अमेरिकेची आजची लढाऊ जेटही होती. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही की हे विमान त्या काळचं नाही. दहा नावं होती, जागा होती, तारीख होती, आणि त्या जागेवर, त्या तारखेला विमान आलं.

आपल्याकडेही असं होतं, फक्त त्याची चर्चा कमी होते. २७ मे १९९९ ला कारगिलच्या लढाईत स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपल्या एका बेपत्ता वैमानिकाचा शोध घेताना पडले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. २७ मे २०१९ ला पंजाबातल्या भिसियाना तळावर त्यांच्या स्मरणार्थ 'मिसिंग मॅन' फॉर्मेशन उडालं आणि त्यात तेव्हाचे वायुदलप्रमुख बी. एस. धनोआ स्वतः मिग-२१ उडवत होते. १९९९ मध्ये ते आहुजांच्याच १७ व्या स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर होते. आपल्या हाताखालच्या माणसासाठी वीस वर्षांनी प्रमुख स्वतः कॉकपिटमध्ये बसतो, याहून मोठी मानवंदना मला माहीत नाही. या फॉर्मेशनमध्ये एक जागा मोकळी ठेवतात किंवा त्या जागेवरचं विमान स्मारकावर येताच सरळ वर निघून जातं. बाकीच्यांनी ती जागा भरायची नाही. उडवायला ते दिसतं तेवढं सोपं नसतं, कारण शेजारचा निघून गेल्यावर अंतर कमी करण्याचा मोह हाताला होतो. तो आवरण्यासाठी सराव लागतो. मिग-२१ सुद्धा सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं.

भारतीय वायुदलाकडे जुन्या विमानांची छोटी तुकडी आहे: टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा. डकोटाचं नाव 'परशुराम'. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेऊन वायुदलाला दिलं. त्यांचे वडील वायुदलात डकोटाचे वैमानिक होते. २०१८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने उडत भारतात आलं. त्याच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या टंगाईलच्या छत्रीउडीची आठवण म्हणून हे विमान डॉर्नियर विमानांच्या सोबतीने उडालेलं आहे.

आणखी एक धागा सांगतो, जो आपल्या लोकांना ठाऊक असायला हवा. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला बरीच लिबरेटर बॉम्बर मुद्दाम मोडतोड करून सोडून दिली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी त्यांतली सुमारे ४० पुन्हा उभी केली आणि आपल्या वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यांतलं एक पुढे अमेरिकेत गेलं, १९८९ मध्ये पुन्हा उडालं आणि कित्येक वर्षं तिथल्या गावोगावच्या विमानतळांवर म्हाताऱ्या वैमानिकांना आणि मेलेल्यांच्या घरच्यांना भेटत फिरलं. लंडनच्या वायुदल संग्रहालयातलं लिबरेटरही भारतातूनच गेलेलं. जगात हे विमान पाहायला मिळतं त्यात कानपूर-बंगळूरच्या मेकॅनिकांचा वाटा मोठा आहे. त्यांची नावं मला कुठल्याही फलकावर दिसली नाहीत, याची मला खंत वाटते.

आता तुमचं स्मारक. विनंती लेखी करा, आणि ती जिल्हाधिकारी व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यामार्फत जाऊ द्या. काही महिने आधी. पत्रात हुतात्म्याचं नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, कोणत्या मोहिमेत आणि कोणत्या तारखेला गेले हे नेमकं लिहा. स्मारकाचे अक्षांश-रेखांश द्या, आसपासचे मोबाइल टॉवर, उच्चदाबाच्या तारा, पवनचक्क्या, डोंगर यांची माहिती द्या. साताऱ्याकडे पवनचक्क्या आहेत, तेव्हा हे विसरू नका. जवळ उघडा कचरा पडत असेल तर तो आधी हलवा. घारी आणि विमान यांची गाठ पडू नये. पावसाळ्यातली तारीख मागू नका. ढग डोंगराला टेकलेले असताना कुणी येणार नाही आणि येऊही नये. जुनी विमानं मोजकीच आहेत आणि दूर आहेत, तेव्हा हेलिकॉप्टर किंवा वाहतूक विमान मिळालं तरी ते आनंदाने घ्या.

वेळ मिळालीच तर ती पाळा. विमानाच्या वेळेच्या आधी दहा मिनिटं सर्व भाषणं संपलेली असू द्या. तळाशी फोनवर असलेला एक माणूस फक्त त्याच कामाला ठेवा, त्याच्यावर दुसरी जबाबदारी नको. लोकांची तोंडं अशा दिशेला ठेवा की विमान समोरून येताना दिसेल आणि सूर्य डोळ्यांत येणार नाही. विमान येत असताना निवेदकाने बोलू नये. टाळ्यांचं आवाहन तर मुळीच करू नये. घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि कोणत्या बाजूने, किती वाजता विमान येईल हे त्यांना आधी शांतपणे सांगून ठेवा. अचानक आवाज अंगावर आला की वयस्कर आई-वडील घाबरतात.

आणि रद्द झाल्याचा फोन आला तर निवेदकाने खरं कारण सांगावं: ढग खाली आहेत, वारा आडवा आहे, वैमानिकाने थांबायचं ठरवलं आहे. माफी मागायची गरज नाही. त्या मोकळ्या झालेल्या दोन मिनिटांत हुतात्म्याच्या स्क्वाड्रनमधल्या आणि त्याच मोहिमेत गेलेल्या इतरांची नावं वाचा. ती यादी आधीच मिळवून ठेवा, कारण ऐन वेळी ती सापडत नाही. यादीसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची नावं आणि सैनिक कल्याण कार्यालयातली नोंद, या दोन्ही ठिकाणांवरून ताडून घ्या; नावांच्या स्पेलिंगात फरक असतात आणि दगडावर चुकीचं नाव कोरलं गेलं तर घरच्यांना ते फार लागतं.